विकृत स्वरांची कॉर्ड : सरगम जाणणाऱ्यांसाठी गिटारचा एक पाठ

गिटार हे वाद्य आता आपल्या भागाला परके राहिलेले नाही. वसतिगृहाच्या एखाद्या खोलीत, स्नेहसंमेलनाच्या तालमीत, वाढदिवसाच्या घरगुती मैफलीत ते हमखास दिसते. परंतु बहुतेकांचा प्रवास पाच-सहा सोप्या कॉर्ड आणि दोन-तीन चित्रपटगीते येथवर येऊन थांबतो. पुढे कॉर्डचे पुस्तक उघडावे, तर नावांपुढे आकड्यांची आणि चिन्हांची रांग लागलेली असते. त्या रांगेत सर्वांत अवघड वाटणारे नाव म्हणजे ‘अल्टर्ड डॉमिनंट’. येथे पुष्कळांचे गिटार भिंतीवरच्या खिळ्याला अडकते आणि तेथेच राहते.

या अडचणीला आणखी एक बाजू आहे. आपल्याकडे गिटार हाती घेणारा विद्यार्थी अगदी कोरा नसतो. लहानपणी भजनात पेटीला साथ केलेली असते, गांधर्व महाविद्यालयाच्या एक-दोन परीक्षा दिलेल्या असतात, निदान सरगम तरी कानावरून गेलेली असते. मात्र गिटार शिकताना ही शिदोरी निरुपयोगी आहे असे त्याला सांगितले जाते. आमच्या एका मित्राला मोठ्या शहरातील एका क्लासमध्ये पहिल्याच दिवशी “सारेगम विसरून या,” असा सल्ला मिळाला होता. हा सल्ला कितपत योग्य आहे, याचा विचार एका अवघड कॉर्डच्या निमित्ताने करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. डॉमिनंट म्हणजे काय?

प्रथम पाया पक्का करू. या लेखात सर्वत्र पांढरी एक, म्हणजे पाश्चात्त्यांचा ‘सी’, हा आपला षड्ज मानला आहे. या हिशेबाने गिटारच्या सहा मोकळ्या तारा जाडीकडून बारीककडे ग, ध, रे, प, नि, ग अशा लागतात. सर्व स्वर शुद्ध आहेत. ही ओळ पाठ केली की गिटारची पट्टी एकदम ओळखीची वाटू लागते. तारांचे क्रमांक मात्र उलट मोजतात : सर्वांत बारीक ती पहिली आणि सर्वांत जाड ती सहावी.

तीन वा अधिक स्वर एकाच वेळी वाजले की कॉर्ड होते. सा, ग, प हे तीन शुद्ध स्वर एकत्र वाजवले की ‘सी मेजर’ झाली. ही घरची कॉर्ड. येथे कान विसावतो. आता पंचमापासून एकाआड एक स्वर घेत चला : प, नि, रे, म. ही झाली ‘जी सेव्हन्थ’. पाचव्या स्वरावर उभी असलेली ही कॉर्ड म्हणजेच डॉमिनंट. ती घराबाहेरची आहे, पण तिचे तोंड घराकडे आहे.

हे तोंड घराकडे वळवणारे स्वर दोन : शुद्ध नि आणि शुद्ध म. या दोहोंमधील अंतर सहा अर्धस्वरांचे, म्हणजे सप्तकाचे बरोबर अर्धे आहे. ते एकत्र वाजले की कानाला स्वस्थ बसवत नाही. नि एक अर्धस्वर वर चढून सा होऊ पाहतो आणि म एक अर्धस्वर खाली उतरून ग होऊ पाहतो. दोघेही आपापल्या जागी पोहोचले की घर आले. पाश्चात्त्य संगीतातील चालीची सर्वांत मोठी प्रेरणा ही आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

२. ‘अल्टर्ड’ म्हणजे आपले ‘विकृत’

आता मूळ विषयाकडे येऊ. आपल्या संगीतशास्त्रात शुद्ध स्थानावरून ढळलेल्या स्वरांना विकृत स्वर म्हणतात. हा शब्द निंदाव्यंजक नाही. कोमल आणि तीव्र हे त्याचेच दोन प्रकार आहेत. इंग्रजी ‘अल्टर्ड’ या शब्दाचा संगीतातील अर्थ नेमका हाच आहे. डॉमिनंट कॉर्डमधील प, नि, म हे आधारस्तंभ जागेवर ठेवून बाकीचे स्वर विकृत केले की अल्टर्ड डॉमिनंट तयार होते.

विकृत करावयाचे स्वर कोणते? कॉर्डच्या पुस्तकात मोजणी पंचमापासून केलेली असते. तेथे पाचवा स्वर कोमल, पाचवा तीव्र, नववा कोमल आणि नववा तीव्र असे चार पर्याय दिलेले असतात. हे आकडे पाठ करणे कंटाळवाणे आहे. पंचमाऐवजी आपल्या षड्जापासून मोजणी केली की काय होते ते पाहा :

पाचवा कोमल म्हणजे कोमल रे.
पाचवा तीव्र म्हणजे कोमल ग.
नववा कोमल म्हणजे कोमल ध.
नववा तीव्र म्हणजे कोमल नि.

चार पर्याय आणि चारही आपले कोमल स्वर! रे, ग, ध, नि हे चारही कोमल ज्या थाटात येतात तो भैरवी थाट. पंडित भातखंडे यांनी मांडलेल्या दहा थाटांपैकी तो एक आहे आणि संगीताच्या प्राथमिक परीक्षेस बसणाऱ्या मुलालाही तो ठाऊक असतो. म्हणजे ज्या कॉर्डपाशी आपला विद्यार्थी अडखळतो, तिचे रंग त्याने जवळजवळ प्रत्येक मैफलीच्या शेवटी ऐकलेले आहेत. मिरजेत वास्तव्य केलेले खाँसाहेब अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांची भैरवीतील ठुमरी आजही ध्वनिमुद्रणातून ऐकावयास मिळते. ती ज्याच्या कानात आहे, त्याला हे चार कोमल स्वर नव्याने शिकवण्याची गरज नाही.

३. गिटारवर बोटे कशी ठेवावीत

चारही कोमल स्वर एकाच वेळी वाजवण्याचा अट्टाहास करू नये. एक किंवा दोन पुरेसे होतात. पुढील तीन ठेवणी नीट बसल्या की बाकीच्या आपोआप सुचतात. पडद्यांची मोजणी गिटारच्या खुंट्यांकडून करावी.

पहिली ठेवण, कोमल रे घेऊन : सहाव्या तारेवर तिसरा पडदा मधल्या बोटाने (प), चौथ्या तारेवर तिसरा पडदा अनामिकेने (म), तिसऱ्या तारेवर चौथा पडदा करंगळीने (नि) आणि दुसऱ्या तारेवर दुसरा पडदा तर्जनीने (कोमल रे). पाचवी आणि पहिली तार वाजू देऊ नये. यानंतर नेहमीची सी मेजर धरा. दुसऱ्या तारेवरचा कोमल रे एक पडदा खाली येऊन सा होतो आणि चौथ्या तारेवरचा म एक पडदा खाली येऊन ग होतो. डोळ्यांना दिसणारी ही सरक आणि कानाला जाणवणारी सुटका एकच आहे.

दुसरी ठेवण, कोमल ग आणि कोमल ध घेऊन : सहाव्या तारेवर तिसरा पडदा तर्जनीने (प), चौथ्या तारेवर तिसरा पडदा मधल्या बोटाने (म) आणि पहिल्या तिन्ही तारांवर चौथ्या पडद्यावर आडवी अनामिका (नि, कोमल ग, कोमल ध). पाचवी तार तर्जनीच्या कडेने बंद ठेवावी. यानंतर सी मेजर धरताना पहिल्या तारेवर करंगळीने तिसरा पडदा घ्यावा. कोमल ध एक पडदा उतरून प होईल. भैरवीत कोमल धैवतावरून पंचमावर येतानाची ओढ ज्याने अनुभवली आहे, त्याला ती येथे लगेच ओळखू येईल.

तिसरी ठेवण, कोमल नि घेऊन : पाचव्या तारेवर दहावा पडदा मधल्या बोटाने (प), चौथ्या तारेवर नववा तर्जनीने (शुद्ध नि), तिसऱ्या तारेवर दहावा अनामिकेने (म) आणि दुसऱ्या तारेवर अकरावा करंगळीने (कोमल नि). सहावी आणि पहिली तार बंद ठेवावी. येथे शुद्ध आणि कोमल असे दोन्ही निषाद एकाच वेळी वाजतात. आपल्या कानाला हे प्रथम खटकते, कारण रागात ते बहुधा एकामागून एक येतात. परंतु हीच ठेवण दुसऱ्या षड्जावर घेऊन जिमी हेंड्रिक्सने १९६७ मध्ये ‘पर्पल हेझ’ हे गाणे वाजवले. रॉक संगीताच्या चाहत्यांमध्ये ती आजही ‘हेंड्रिक्स कॉर्ड’ म्हणूनच ओळखली जाते. करंगळी अकराव्या पडद्यावरून नवव्यावर आणली की कोमल नि ऐवजी कोमल ध मिळतो. त्या दोहोंचा पाठोपाठ अनुभव घेणे फार उद्बोधक आहे.

या कॉर्डच्या आधी ‘डी मायनर सेव्हन्थ’ वाजवण्याची रीत आहे. ती सोपी आहे : चौथी तार मोकळी (रे), तिसऱ्या तारेवर दुसरा पडदा (ध), दुसऱ्या आणि पहिल्या तारेवर पहिला पडदा (सा, म). डी मायनर सेव्हन्थ, मग अल्टर्ड जी सेव्हन्थ, मग सी, अशी तीन पायऱ्यांची ही उतरण आहे. जाझ संगीताचा फार मोठा भाग तिच्यावर उभा आहे.

४. साम्य कोठे संपते?

येथवर वाचून एखाद्यास वाटेल की पाश्चात्त्यांनी आपली भैरवीच उचलली. असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. अशा प्रकारच्या कॉर्ड युरोपीय संगीतात एकोणिसाव्या शतकातही होत्या. अमेरिकेत १९४० नंतरच्या दशकात चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी यांसारख्या वादकांनी त्यांना जाझच्या केंद्रस्थानी आणले. त्यांचा मार्ग स्वतंत्र होता. स्वर सारखे निघाले म्हणून संगीत सारखे होत नाही. या दोहोंतील भेद समजला तरच ही कॉर्ड खऱ्या अर्थाने समजते.

भेद असा. भैरवीचे सात स्वर मांडा : सा, कोमल रे, कोमल ग, म, प, कोमल ध, कोमल नि. आता आपल्या कॉर्डला उपलब्ध असलेले सात स्वर पंचमापासून मांडा : प, कोमल ध, कोमल नि, शुद्ध नि, कोमल रे, कोमल ग, म. दोन्ही याद्यांत सहा स्वर समान आहेत. फरक एकाच स्वराचा : भैरवीतील सा येथे नाही आणि त्याच्या जागी त्याच्या दारात उभा असलेला शुद्ध नि आहे.

हा एका स्वराचा फरक म्हणजे सर्वस्वाचा फरक होय. भैरवीत तंबोरा अखंड सा देत असतो. गायक कितीही लांब गेला तरी घराचा दिवा विझत नाही. त्या प्रकाशात कोमल स्वर करुण, शांत, निरोपाचे वाटतात. ते स्वतःच्या घरात असतात. अल्टर्ड डॉमिनंटमध्ये तेच स्वर षड्जावाचून येतात. घराचा दिवा क्षणभर मालवलेला असतो, आणि म्हणूनच पुढच्या मात्रेला तो लागला की मन उजळते. भैरवीत जे विसाव्याचे स्वर, ते येथे प्रतीक्षेचे स्वर होतात.

याचा पडताळा कोणासही घेता येईल. मोबाईलमधील तंबोरा सी वर लावा आणि त्यावर वरील दुसरी ठेवण वाजवा. कॉर्ड गढूळ वाटेल आणि तिची ओढ नाहीशी होईल, कारण जो सा यावयाचा आहे तो अगोदरच हजर आहे. तंबोरा बंद करून तीच कॉर्ड वाजवा आणि सी मेजरवर या. आता ओढही कळेल आणि सुटकाही. आपल्या संगीतात ओढ निर्माण होत नाही असे नव्हे. तिहाईची समेकडे धाव किंवा तार षड्जाला स्पर्श न करता निषादावर रेंगाळणे हे ओढीचेच प्रकार आहेत. मात्र तेथे षड्ज हजर असतो. पाश्चात्त्य पद्धती त्याला काही काळ खरोखरच दूर करते. सरगम जाणणाऱ्या विद्यार्थ्याने नवीन शिकावयाचे ते इतकेच आहे. स्वर ओळखीचे आहेत, त्यांचे काम नवे आहे.

५. पटदीपाची वाट

कॉर्ड वाजवता आली की तिच्यावर सुरावट घ्यावीशी वाटते. येथेही सरगम उपयोगी पडते. वर दिलेले सात स्वर कोमल धैवतापासून मांडले तर काय मिळते? कोमल ध, कोमल नि, शुद्ध नि, कोमल रे, कोमल ग, म, प. कोमल धैवतालाच सा मानले तर हे स्वर सा, रे, कोमल ग, म, प, ध, नि असे होतात. एकटा गांधार कोमल आणि बाकी सर्व शुद्ध. हे पटदीप रागाला लागणारे स्वर होत. १९७१ च्या ‘शर्मिली’ या चित्रपटातील, सचिनदेव बर्मन यांनी स्वरबद्ध केलेले, लता मंगेशकरांचे पटदीपातील गीत बहुतेकांना परिचित असेल.

एका सप्तकातील निरनिराळ्या स्वरांना षड्ज मानून नवी मालिका काढणे याला आपल्याकडे मूर्च्छना म्हणतात. तेव्हा सूत्र असे झाले : डॉमिनंटवर विकृत सुरावट हवी असेल, तर कोमल धैवताला सा कल्पून पटदीपाचे स्वर वाजवावेत. पाश्चात्त्य पुस्तकात यालाच मेलॉडिक मायनरचा सातवा मोड म्हणतात. हा राग वाजवणे मात्र नव्हे. पटदीपाचे चलन, न्यासाचे स्वर आणि भाव येथे अभिप्रेत नाहीत. फक्त स्वर आठवण्याची ती एक सोय आहे.

बोटांच्या सोयीसाठी एकाच जागी वाजणारी मालिका अशी : सहाव्या तारेवर पडदे ३, ४, ६, पाचव्या तारेवर २, ४, ६, चौथ्या तारेवर ३, ५, ६, तिसऱ्या तारेवर ३, ४, ६, दुसऱ्या तारेवर ४, ६, पहिल्या तारेवर ३, ४, ६. प्रारंभ पंचमावर होतो आणि शेवट कोमल निषादावर. तेथून उतरून पहिल्या तारेवरच्या पंचमावर यावे आणि सी मेजर वाजवून थांबावे.

६. दोन्ही भाषा बोलणारे वादक

सरगम आणि कॉर्ड या दोन भाषा एकाच खोलीत नांदल्याचे मोठे उदाहरण आपल्याच राज्याने पाहिले आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचणे, गाणे आणि व्हायोलिनसारखी वाद्ये शिकवली जात. तेथून तयार झालेले अनेक वादक पोटासाठी मुंबईस आले. संध्याकाळी हॉटेलांतून जाझ आणि दिवसा स्टुडिओतून चित्रपटसंगीत, असा त्यांचा दिनक्रम असे. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट (१९१६–१९६७) हे त्यांपैकी एक होत. त्यांनी आपल्या चितळकरांबरोबर, म्हणजे सी. रामचंद्रांबरोबर, काम केले आणि १९५१ च्या ‘अलबेला’ मध्ये ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसले. सॅबेस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांच्या वाद्यवृंदरचना केल्या.

यांत अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांचे नाव विशेष आदराने घ्यावयास हवे. मजोर्डा गावच्या या व्हायोलिनवादकाने रागदारी आणि पाश्चात्त्य स्वररचना यांना एकत्र आणण्याचा ध्यास घेतला. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात मोठ्या वाद्यवृंदासह रागांवर आधारलेल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे हे त्यात गायले होते. राहुलदेव बर्मन आणि प्यारेलाल हे त्यांचे विद्यार्थी. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ मधील नायकाच्या नावाचे गाणे ही प्यारेलालांनी आपल्या गुरूला दिलेली मानवंदना होती.

संगीत दिग्दर्शक चाल सरगमीत सांगत, वाद्यवृंदरचनाकार ती पाश्चात्त्य लिपीत उतरवून तिच्याखाली कॉर्ड मांडत. दोहोंपैकी कोणासही आपली भाषा विसरावी लागली नाही. ‘सारेगम विसरून या’ या सल्ल्याला याहून चांगले उत्तर नसेल.

७. एक मर्यादा आणि एक नियम

गिटारची एक मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आपल्या शेजारच्या मिरजेत सतारीच्या दांडीवर पडदे दोऱ्याने बांधतात आणि रागाप्रमाणे ते सरकवता येतात. तेथील सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकात उभी केलेली ही कला होय. गिटारचे पडदे मात्र लाकडात ठोकलेले असतात आणि सप्तकाचे बारा समान भाग पाडतात. त्यामुळे गिटारचा शुद्ध गांधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा अर्धस्वराच्या सुमारे एक सप्तमांशाने चढा असतो. भैरवीतील अतिकोमल ऋषभ तिच्या पडद्यावर मिळत नाही. हार्मोनियमवरही हाच आक्षेप होता. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये तिच्यावर घातलेली बंदी सुमारे तीन दशके टिकली. तरीही पेटी आपल्या घराघरांत राहिलीच. वाद्याची मर्यादा ओळखून त्याच्याकडून जे मिळते ते घ्यावे, हे शहाणपण आपल्याकडे आहे. बारा समान भागांमुळेच कोणतीही कॉर्ड कोणत्याही षड्जावर नेता येते, ही त्या मर्यादेची दुसरी बाजू होय.

आता नियम. गाण्याच्या साथीला ही कॉर्ड वापरताना त्या क्षणी गायकाच्या गळ्यात कोणता स्वर आहे ते पाहावे. गायक शुद्ध धैवतावर थांबला असेल तर कोमल ध घेऊ नये. तो शुद्ध ऋषभावर असेल तर कोमल रे टाळावा, कोमल गांधारही जपूनच घ्यावा. पंचम, मध्यम किंवा शुद्ध निषाद असेल तर वाट मोकळी आहे. शिवाय ही कॉर्ड घरी परतण्याच्या वेळीच वापरावी. ज्या डॉमिनंटनंतर घर येत नाही, तेथे ती वाजवली तर ऐकणाऱ्याला उगाच ताटकळत ठेवल्यासारखे होते. कोमल गांधाराच्या, म्हणजे मायनर वळणाच्या गाण्यांत ती सर्वांत सहज बसते. तेथे कोमल ग आणि कोमल ध घरचेच असतात. दुसऱ्या ठेवणीनंतर तिसऱ्या पडद्यावर आडवी तर्जनी धरून सी मायनर वाजवून पाहावी. दुसऱ्या तारेवरचा कोमल ग चौथ्या पडद्यावर तसाच राहतो आणि भोवतालचे स्वर हलतात.

८. अभ्यासाचा क्रम

घाई न करता चार आठवड्यांचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवता येईल.

पहिला आठवडा गाण्याचा. गिटारवर फक्त सहाव्या तारेवरचा प वाजवावा आणि त्यावर चारही कोमल स्वर एकेक करून गळ्यातून काढावेत. प्रत्येक स्वर कोठे जाऊ पाहतो ते गाऊन शोधावे : कोमल ध पंचमाकडे, कोमल रे षड्जाकडे, नि षड्जाकडे, म गांधाराकडे. जो स्वर गाता येत नाही तो बोटाला सापडला तरी कानाला सापडत नाही.

दुसऱ्या आठवड्यात पहिल्या दोन ठेवणी आणि त्यांनंतरची सी मेजर, फार संथ लयीत. चार मात्रा एक कॉर्ड, चार मात्रा दुसरी. पायाने ताल धरावा.

तिसऱ्या आठवड्यात तीन पायऱ्यांची उतरण आणि तिसरी ठेवण. जमल्यास मंद्रातील स्वर रे, कोमल रे, सा असा उतरवून पाहावा. पंचमाच्या जागी कोमल ऋषभ पायाला घेतला तरी म आणि नि कायम राहतात, म्हणून कॉर्डचे काम बदलत नाही. जाझवाले या अदलाबदलीचा फार उपयोग करतात.

चौथ्या आठवड्यात पटदीपाची मालिका आणि आपल्या आवडीचे एखादे गाणे. गाण्यात जेथे जी सेव्हन्थ नंतर सी येते अशी एकच जागा निवडावी आणि तेथे विकृत स्वर घालून पाहावा. एका गाण्यात एक जागा पुरे. मीठ चवीपुरतेच असावे.

समारोप

आपल्या शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाड येथे १८७२ मध्ये पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म झाला. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांनी विद्या घेतली आणि १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. घराण्यांच्या दारांआड असलेले संगीत त्यांनी वर्गात आणले, स्वरलिपीत लिहिले आणि सामान्य मुलांच्या हाती दिले. आज खेड्यातील मुलाला सरगम येते यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

ती सरगम पेटीपुरती किंवा परीक्षेपुरती राहू नये. गिटारच्या सहा तारांवर ती तितक्याच सहजतेने चालते, हे या एका कॉर्डवरून दिसून यावे. जयसिंगपूरसारख्या गावात जाझ शिकवणारा शिक्षक मिळणे कठीण आहे. पण ज्याच्या कानात भैरवी आहे, त्याच्याजवळ अर्धा शिक्षक अगोदरच आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी तंबोरा थोडा वेळ बंद करून षड्जाची वाट पाहण्याची सवय लावावी लागते. खिळ्याला अडकवलेली गिटार उतरवून तिच्या तारा पुसाव्यात आणि आज केवळ पहिली ठेवण वाजवून पाहावी, एवढीच वाचकमित्रांना विनंती.